रक्ताचे नाते आणि नात्याचे रक्त

"डॉक्टर, माझंच रक्त घ्या ना. बाहेरच्या कुणाचं कशाला?"

भावोजींनी हे म्हटले तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाही आधीच वर सरकवलेली होती. २०१६ च्या गणेशोत्सवानंतरचे दिवस होते. ताईच्या थोरल्या मुलाला, अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला, चिपळूणहून मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात आणले होते. आधी पंधरा दिवस रेंगाळलेला ताप, मग दात घासताना हिरड्यांतून येणारे रक्त, मग पोटऱ्यांवर डास चावल्यासारखे लाल ठिपके. डेंग्यू असावा म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि अहवाल पाहून त्याच संध्याकाळी मुंबईची वाट धरायला सांगितली. निदान झाले ते तीव्र रक्तकर्करोगाचे.

भावोजींना उत्तर देणारी डॉक्टर मुलगी तिशीचीही नसेल. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमचं नको. दुसऱ्या कुणाचंही चालेल, पण तुमचं आणि घरातल्यांचं नको."

भावोजी खाली बसले. ज्या मुलासाठी हा मनुष्य प्राण द्यायला तयार होता, त्याला याच्या रक्ताचा थेंबही चालणार नव्हता. आपल्याकडे 'रक्ताचे नाते' या शब्दाला केवढे वजन आहे! घरावर संकट आले की पहिली धाव रक्ताच्या नात्याकडे. आणि इथे विज्ञान सांगत होते की या एका आजारात नात्याचे रक्त टाळावे आणि परक्याचे मागावे.

त्याचे कारण त्या डॉक्टरने नंतर सवडीने समजावून सांगितले. दात्याच्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतातच. परक्याच्या पेशींना रुग्णाचे शरीर परके म्हणून ओळखते आणि त्यांचा निकाल लावते. जवळच्या नातलगाच्या पेशी मात्र इतक्या सारख्या असू शकतात की शरीराला त्या परक्या वाटतच नाहीत. त्या आत ठाण मांडतात आणि ज्या घरात आश्रय मिळाला त्याच घरावर उलटतात. त्वचा, यकृत, आतडी, अस्थिमज्जा या साऱ्यांवर त्यांचा हल्ला होतो. असे क्वचितच घडते; पण घडले तर रुग्ण बहुधा हाती लागत नाही. रक्ताच्या पिशवीला ठरावीक मात्रेत किरणोत्सर्ग दिला की हा धोका टळतो. मात्र ती सोय सर्व रक्तपेढ्यांत नसते. दुसरे कारण अधिक व्यावहारिक. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली, तर दाता प्रथम घरातच शोधायचा असतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. त्या भावंडाचे किंवा आई-वडिलांचे रक्त आधीच देऊन ठेवले, तर रुग्णाचे शरीर त्याच्याविरुद्ध सज्ज होऊन बसते आणि ऐन वेळी मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो.

तेव्हा परके रक्त हवे, आणि तेही एकदा नव्हे. त्या पहिल्या पाच आठवड्यांत भाच्याला अकरा वेळा प्लेटलेट्स आणि सात वेळा तांबड्या पेशी द्याव्या लागल्या. चिपळूणच्या कुटुंबाने मुंबईत इतके परके आणायचे कुठून?

रक्तकर्करोगाच्या औषधांविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते, त्यांच्या किमतींविषयी तर फारच. वस्तुतः लहान मुलांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगाची मुख्य औषधे जुनी आहेत आणि तुलनेने स्वस्तही. त्यांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे तर सदाफुलीपासून मिळते. आपल्या अंगणात बारा महिने फुलणारी आणि देवघरातल्या तबकात जाणारी तीच सदाफुली. (म्हणून कोणी तिची पाने वाटून पिऊ नयेत, ती विषारी आहेत.) ज्या औषधाने १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्तकर्करोगाच्या मुलांना प्रथमच, काही काळापुरता का होईना, उतार पडल्याचे दाखवून दिले, ते औषध घडवणाऱ्या संशोधकांचे प्रमुख होते भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना खादीचा अंगरखा घातला म्हणून इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी ओढवून घेणारे आणि त्यापायी पूर्ण पदवीला मुकलेले हेच ते सुब्बाराव. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही, हे आपलेच करंटेपण. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारा हा डॉक्टर. सांगायचे ते इतकेच की औषध आणि विद्या या दोन्ही बाबतींत आपण दरिद्री नाही. प्रगत देशांत या प्रकारच्या रक्तकर्करोगाची दहांपैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे ते प्रमाण तेथवर पोहोचत नाही. औषधे बहुतांशी तीच असताना फरक पडतो तो कुठे? एक मोठा भाग पडतो औषधाच्या आजूबाजूला. पैसा, प्रवास आणि मुक्काम यांना थकून उपचार अर्धवट सोडले जातात. आणि उपचार चालू असतानाच जंतुसंसर्गाने वा रक्तस्रावाने मूल दगावते.

केमोथेरपीचे औषध कर्कपेशी आणि निरोगी पेशी यांत फारसा भेद करीत नाही. शेतातले तण जाळताना पीकही होरपळावे तसे ते अस्थिमज्जा उजाड करते. मज्जा पुन्हा अंकुरायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात शरीराकडे रक्त तयार करणारा कारखानाच नसतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे तपासणीच्या कागदावर ज्याला मायक्रोलिटर म्हणतात त्यात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. रक्त गोठवून गळती थांबवणाऱ्या या रक्तबिंबिका. त्या दहा हजारांच्या खाली गेल्या की कुठेही न लागता आपोआप रक्तस्राव होण्याची भीती असते, मेंदूतसुद्धा. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पाचशेच्या खाली गेल्या की आपल्याच आतड्यांतील एरवी निरुपद्रवी असलेले जंतू रक्तात शिरतात. म्हणजे कर्करोग हटत असतो, औषध आपले काम चोख करीत असते आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात रुग्ण दगावू शकतो. या पंधरवड्यातून त्याला सुखरूप पार नेण्याच्या सगळ्या खटाटोपाला डॉक्टर मंडळी आधारोपचार म्हणतात. नाव सौम्य आहे. त्यामुळे तो दुय्यम वाटतो, आणि तेथेच घात होतो.

आता आपल्या रक्तदान शिबिरांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. मी स्वतः पंचवीस वर्षे शिबिरांत सतरंज्या उचलल्या आहेत, तेव्हा हे घरातलेच बोलणे समजावे.

भाच्यासाठी पहिला निरोप आला तो रात्री अकरा वाजता. 'बी पॉझिटिव्ह, उद्या सकाळी एसडीपीसाठी दाता हवा.' एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राद्वारे घेतलेल्या प्लेटलेट्स. मी डोंबिवलीतील आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांना दूरध्वनी केले. बारा वाजेपर्यंत चौदा तरुण तयार! मला समाजाचा केवढा अभिमान वाटला. पहाटेच्या लोकलने आम्ही निघालो. रुग्णालयाच्या रक्तपेढीत तपासणी झाली आणि चौदांपैकी तिघेच पात्र ठरले. एकाने दोन दिवसांपूर्वी डोके दुखते म्हणून ॲस्पिरिन घेतली होती. ती घेतली की तीन दिवस प्लेटलेट्स देता येत नाहीत. दोघांच्या शिरा यंत्राच्या सुईला पुरेशा नव्हत्या. एकाचे वजन पन्नास किलोपेक्षा कमी, तर एकाच्या स्वतःच्याच प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली. आणि उरलेल्या सहा जणांनी तीन आठवड्यांपूर्वीच एका 'महा'रक्तदान शिबिरात रक्त दिले होते. इतक्या लवकर त्यांना परत घेता येत नव्हते.

ते महाशिबिर एका नेत्याच्या वाढदिवसाचे होते. नेता कोणत्या पक्षाचा, याला येथे महत्त्व नाही. सगळ्यांचेच वाढदिवस असतात. एका दिवसात किती बाटल्या, मागच्या वर्षीपेक्षा किती जास्त, शेजारच्या मतदारसंघापेक्षा किती जास्त, असे सारे ठरलेले असते. दात्याला प्रवासी पिशवी नाहीतर भिंतीवरचे घड्याळ. आपणही या आकड्यांच्या मोहातून सुटलेलो नाही, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. तांबड्या पेशी शीतकपाटात पाच-सहा आठवडे टिकतात, तेव्हा अशा शिबिराचा त्यांना काही प्रमाणात तरी उपयोग आहे. परंतु प्लेटलेट्स टिकतात अवघे पाच दिवस. त्याही शीतकपाटात नव्हे, तर वीस ते चोवीस अंश तापमानाला, सतत हलत्या फळीवर. रविवारी हजार बाटल्या जमवल्या तरी पुढच्या शनिवारी रक्तकर्करोगाच्या रुग्णाला त्यांतली एकही प्लेटलेट मिळत नाही. उलट परिसरातील हजार धडधाकट दाते एकाच दिवशी पुढच्या तीन महिन्यांसाठी बाद झालेले असतात. मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्टी लागते, माणसे गावी जातात, दिवाळीतही तेच होते, आणि रक्तपेढ्या ओस पडतात. रुग्णाची मज्जा सुट्टी पाहून उजाड होत नाही.

या आजाराला हवी ती रोजची, संथ, प्रसिद्धीविना चालणारी व्यवस्था. एसडीपीमध्ये दात्याच्या एका हातातून रक्त यंत्रात जाते, प्लेटलेट्स वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त परत शरीरात येते. सुमारे तास-दीड तास लागतो. एका दात्याकडून मिळणारी ही पिशवी साध्या रक्तदानाच्या पाच-सहा बाटल्यांतून निघणाऱ्या प्लेटलेट्सच्या तोडीची असते. दात्याची झीज काही दिवसांत भरून येते. नियमानुसार दोन वेळांत किमान ४८ तासांचे अंतर हवे, आठवड्यात दोनदापेक्षा अधिक नाही आणि वर्षात चोवीसपेक्षा अधिक नाही. चोवीस राहू द्या. एखाद्या वस्तीतील तीस जणांनी वर्षातून चार वेळा ठरवून दिले, तरी एकशेवीस पिशव्या होतात, आणि त्या लागतील तेव्हा होतात. त्यासाठी मांडव लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही. लागते ती एक वही, शिरांची व प्लेटलेट्सची आधीच झालेली तपासणी, आणि सकाळचा अर्धा दिवस मोकळा ठेवणारा मनुष्य. पुण्या-नाशिकच्या जनकल्याण रक्तपेढ्यांशी आपल्यापैकी अनेकांचा संबंध आहे. त्यांच्याकडे जाऊन फक्त एवढे विचारावे की, वर्षातून एकदा शंभर दाते हवेत की दर आठवड्याला दोन?

आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. धंदेवाईक रक्तदात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने बंदी आली आणि १ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आहे. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणानेही ऐच्छिक, विनामोबदला रक्तदानाचाच आग्रह धरला. तरी 'बदली दाता आणा' हा निरोप रुग्णाच्या नातेवाइकाला आजही ऐकावा लागतो. डोंबिवलीत मामा असलेला मुलगा भाग्यवान. धडगावचा किंवा भामरागडचा बाप मुंबईत कोणाला ओळखतो? तो रुग्णालयाच्या फाटकाशी उभा राहतो आणि त्याच्याभोवती घुटमळणारे 'दाता मिळवून देतो' म्हणणारे लोक त्याला बरोबर हेरतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा व औषधांचा मोठा भार उचलला आहे, हे निश्चितच स्वागतार्ह. परंतु परक्या शहरात दाता मिळवून देणारी योजना सरकार काढू शकत नाही.

राहण्याचे तसेच. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये रुग्णाला 'घरी' सोडतात. परळच्या पदपथावर ताडपत्री बांधून राहणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या 'घरी' शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. पांढऱ्या पेशी पाचशेच्या खाली असलेले मूल आणि शेजारी वाहते गटार! दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना वर्षानुवर्षे आसरा देत आली आहे. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या त्या महापुरुषाच्या नावे ही सेवा चालावी, यात मोठे औचित्य आहे, कारण या रुग्णाचे निम्मे औषध स्वच्छता हेच असते. परळच्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवासाची जी केंद्रे उभारली, तीही जाऊन पाहण्याजोगी आहेत. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली आणि स्वतःची चूल असते. चांगले काम कोणाचेही असो, त्याची पद्धत शिकून घेण्यात कमीपणा नसावा. देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक नव्या रुग्णांना निरनिराळे रक्तकर्करोग होतात. त्या मानाने या खोल्या अगदी थोड्या आहेत.

आणि जे आपापल्या गावी परततात त्यांचे काय? त्यांच्यासाठी सर्वांत मोठा शत्रू म्हणजे साधा ताप. केमोथेरपीनंतर रुग्णाला १००.४ च्या वर ताप येणे ही आणीबाणी असते. शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे ते शक्यतो तासाभरात. 'सकाळी बघू', 'एक गोळी देऊन पाहू' म्हणत काढलेली रात्र कित्येकांची अखेरची ठरते. चिपळूणहून मुंबई सहा-सात तासांवर आहे. भाच्याच्या डॉक्टरांनी एका जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले होते: हा रुग्ण केमोथेरपीवर आहे, ताप असल्यास पुढील औषध त्वरित शिरेतून सुरू करावे, रक्ताच्या अहवालासाठी थांबू नये. खाली दूरध्वनी क्रमांक. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ताईने देवघराच्या कोनाड्यात ठेवला. डिसेंबरात एका रात्री दोन वाजता त्याचा उपयोग झाला. जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी तो वाचला, काहीही न विचारता सलाईन लावले आणि उजाडल्यावर रुग्णवाहिकेतून मुलाला मुंबईला रवाना केले. त्या कागदाची किंमत किती? असा कागद प्रत्येक रुग्णाला मिळावा आणि तालुक्याच्या रुग्णालयाने त्याचा मान राखावा, यासाठी कोणता निधी लागतो?

घरातल्या माणसांचीही थोडी कानउघाडणी करायला हवी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य, आणि ते योग्यच आहे. पण भाच्याला पाहायला कोकणातून एस. टी. भरून माणसे आली. कोणी खोकत, कोणी हार-फुले घेऊन, कोणी कुलदैवताचे तीर्थ घेऊन. एका आत्याबाईंनी पंचामृताची वाटी थेट त्याच्या ओठांना लावली. परिचारिकेने ती काढून घेतली तेव्हा आत्याबाई रागावल्या. त्यांच्या श्रद्धेत काही खोट नव्हती. पण कच्चे दूध, मध आणि न उकळलेले पाणी त्या पंधरवड्यात त्याच्या जिवावर बेतले असते. शेवटी ताईने तोड काढली. देवापुढे ठेवलेला ताजा, गरम शिरा आणि अंगारा कागदाच्या पुडीतच उशाशी. देवाची काही तक्रार आली नाही! पपईच्या पानांचा रस, कुठलेसे भस्म, गव्हांकुर असे सल्ले तर रोज तीन येत. आयुर्वेदाचा मला अभिमान आहे, आणि त्यामुळेच त्याच्या नावावर कोणीही उठून काहीही पाजावे याची चीड येते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न सांगता या रुग्णाला काहीही देऊ नये. यकृतावर आधीच केमोथेरपीचा भार असतो.

अडीच वर्षे उपचार चालले. भाचा आता नोकरी करतो, ठाण्यात राहतो. पूर्वी रक्तकर्करोग झालेल्या व्यक्तीचे रक्त घेत नाहीत, तेव्हा त्याला कधीच रक्तदान करता येणार नाही. हे कळले त्या दिवशी तो थोडा खट्टू झाला होता. मग त्याने आमच्या डोंबिवलीची वही स्वतःकडे घेतली. त्या चौदांपैकी पात्र ठरलेल्या तिघांपासून सुरू झालेल्या या वहीत आज सत्तेचाळीस नावे आहेत. प्रत्येकापुढे गट, मागच्या दानाची तारीख आणि शिरांविषयी शेरा. रक्तपेढीतून निरोप आला की तो कार्यालयातून बाहेर येऊन दूरध्वनी फिरवतो. मागच्या महिन्यात त्याने मला विचारले, "मामा, रक्तदाबाच्या गोळीबरोबर तुम्हाला ॲस्पिरिन सुरू केलीय ना? मग तुमचं नाव काढू?" मी म्हटले, काढ, पण पहाटेच्या लोकलने नव्या मुलांबरोबर जायला कोणी तरी मोठा माणूस लागतोच, तिथे माझे नाव घाल. तो म्हणाला, "ते घातलंय. येत्या शनिवारी, पाच चाळीसची."